खंडेनवमीला पुसलेला स्विच

माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिली की तिची मुलगी बटणं बसवते. "पोरगी काय करते वो तुमची?" असं कोणी विचारलं की ती म्हणे, "गोंदियाले स्विचचं काम करते." ऐकणारी बाई लगेच आपल्या घरचा पंखा कसा आपोआप बंद पडतो ते सांगू लागे, आणि पुढच्या रविवारी मी गावी गेले की त्या पंख्याचं आमंत्रण तयार असे. दोन-तीनदा मी आईला समजावून पाहिलं. मग नाद सोडला आणि पंखे दुरुस्त करायला शिकले.

माझा स्विच म्हणजे एक लोखंडी पेटी. बसायच्या पाटाएवढी रुंद, आणि तोंडाला चोवीस भोकं. प्रत्येक भोकात एक केबल, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, प्रिंटर नाहीतर कॅमेरा. एका इमारतीतली सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात ती या पेटीतून. साध्या पेटीत केबल खुपसली की काम झालं. पण एक शहाणी पेटीही असते. कोणी कोणाशी बोलायचं आणि कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही, हे तिला लॅपटॉप जोडून ओळीओळीनं सांगावं लागतं. आज गोंदियातल्या बऱ्याच राइस मिलमध्ये, दोन कॉलेजांत आणि नागझिऱ्याच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमध्ये या पेट्या माझ्या सांगण्यावर चालतात. हे मी मिरवायला लिहीत नाही. थोडं मिरवायलाही लिहिते.

ज्या सरांनी मला हे शिकवलं, त्यांना अक्षरं दिसत नव्हती. साखरेनं त्यांच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. माणूस दिसे, दार दिसे, समोरून येणारी म्हैस दिसे. पण पडद्यावरची ओळ आणि पेटीवरची मोहरीएवढी बत्ती दिसत नसे. त्यांच्या घरचे सोडले तर ही गोष्ट फक्त मला माहीत होती. बाहेर कळली असती तर त्यांना कोणी कामाला बोलावलं नसतं. पेन्शन होतं, पोटाचा प्रश्न नव्हता. पण काम गेलं की माणसाला अंगणातल्या खाटेवर बसवतात आणि येता-जाता गोळी घेतली का म्हणून विचारतात. सरांना त्या खाटेची धास्ती होती, आणि ती ते लपवतही नसत. सर आता नाहीत, म्हणून हे सगळं लिहिता येतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करायची. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावाहून सकाळच्या गाडीनं यायचं आणि दुपारच्या गाडीनं परत जायचं. सर दुकानात आले ते हयातीचा दाखला काढायला. त्या दिवशी सकाळपासून नेट बंद होतं आणि मी प्रत्येकाला "सर्वर डाउन है" असं सांगून वाटेला लावत होते. बाकीचे गेले. हे खुर्ची ओढून बसले.

"सर्वरले कायले बदनाम करून राहिली वो? तुमची पेटी कुठं आहे? तिच्या बत्त्या पाहून सांग."

"तुम्हीच बघा ना," मी म्हटलं. माझं डोकं आधीच तापलं होतं.

"मी पाहीन तर तू काय शिकशील?"

मी टेबलाखाली वाकले. सगळ्या बत्त्या एकदम, न थांबता, पिसाटल्यागत लुकलुकत होत्या. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग कोनीतरी एकाच केबलचे दोन्ही टोकं ह्याच पेटीत कोंबले. बोललेलं फिरून तिच्याकडंच येऊन राहिलं, अन् ते बिचारी तेच तेच वरडून राहिली. काढ एक टोक."

ते कोणीतरी म्हणजे मी. सकाळी झाडताना एक केबल लोंबताना दिसली होती. लोंबतं काही राहू नये या माझ्या घरच्या शिस्तीनं मी ती रिकाम्या भोकात बसवली होती आणि वर स्वतःला शाबासकीही दिली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! टोक काढलं आणि बत्त्या शहाण्यासारख्या एक-एक करून मिचकावू लागल्या. सरांचा दाखला निघाला. जाताना ते म्हणाले, "मह्यासोबत कामाले येशील काय? मले टाइप कराले मानूस पाह्यजे."

मालकाशी बोलून मी आठवड्यातले तीन दिवस त्यांच्याबरोबर जाऊ लागले. आईला काळजी वाटली. वडील गवंडी होते; त्यांनी एवढंच विचारलं की काम शिकवणार आहे की नुसती पिशवी उचलायला लावणार आहे. ते शिकवणार होते.

सरांचं आयुष्य रेल्वेत तार-टेलिफोनच्या खात्यात गेलं होतं आणि तिथली एक रीत त्यांच्या अंगात मुरली होती. रेल्वेत एकानं फोनवर सांगितलेलं दुसऱ्यानं शब्दन् शब्द परत म्हणायचं असतं. म्हटलं नाही तर ते ऐकलंच नाही असं धरतात. सरांनी तीच रीत माझ्यावर लादली. ते आज्ञा सांगत, मी ती परत म्हणे, मग टाइप करी, आणि पडद्यावर जे उमटेल ते मोठ्यानं वाचून दाखवी. पेटीवरच्या बत्त्यांचंही तसंच. "पाचव्या भोकाची बत्ती सांग." "हिरवी." "लुकलुकते का थिर आहे?" "लुकलुकते." मला वाटायचं, म्हातारा परीक्षा घेतोय. परीक्षेत मला नेहमीच चेव यायचा, त्यामुळे ते विचारायच्या आधीच मी चोवीस बत्त्यांचा हिशेब देऊन टाकायची.

केबलला टोक बसवणं हा पहिला धडा होता. आत आठ बारीक तारा असतात आणि त्यांचा क्रम चुकून चालत नाही. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा पाढा मी गाडीत पुटपुटत असायची. एकदा समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "काऊन वो माय, कोनता मंतर म्हनून राहिली?" मी म्हटलं, इंटरनेट बांधायचा. तिनं हात जोडले की नाही ते आठवत नाही, पण जागा बदलून ती थोडी लांब बसली हे नक्की. माझी टोकं सर नखानं तपासत. एखादी तार अर्ध्या मिलिमीटरनं मागे राहिली तर त्यांना बोटाला कळायची आणि ते काही न बोलता ते टोक कापून टाकत. पहिल्या आठवड्यात मी एवढी टोकं वाया घालवली की मला रडू आलं. सर म्हणाले, "रड, पन हात थांबवू नको."

मग शहाण्या पेटीचे धडे सुरू झाले. एका पेटीत वेगवेगळे गट कसे पाडायचे, म्हणजे एका गटाची बडबड दुसऱ्याला ऐकू जाणार नाही, हे समजावताना सर म्हणाले, "असं समज, गाव एकच. पन वस्त्या अलग. ह्या वस्तीनं त्या वस्तीत..."

"सर, दुसरं उदाहरण द्या," मी म्हटलं.

माझ्या आवाजात जे होतं ते त्यांनी ऐकलं. आमची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते त्यांना माहीत होतं, आणि माझ्या आजोबांनी छप्पन साली काय सोडलं आणि काय धरलं हेही मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "चुकलं माझं. आपलं गोंदिया स्टेशन घे." स्टेशन एक, फलाट अलग. एक नंबरवरचा प्रवासी उडी मारून तीन नंबरवर जात नाही, त्याला पुलावरून जावं लागतं. आपण पाडतो ते फलाट, आणि मधला पूल म्हणजे राउटर. त्या दिवसापासून आमच्या बोलण्यात फलाट आणि पूल हेच शब्द राहिले, आणि मीही पुढे ज्यांना शिकवलं त्यांना फलाटच सांगितले. चूक झाली तर झाली म्हणणारी वयस्क माणसं मी फार पाहिलेली नाहीत. सरांवर माझा जीव जडला तो तिथे.

त्यांचं गुपित मला कळलं ते दोन महिन्यांनी, एका कॉलेजात. आज्ञा सांगताना सर नेहमी एक वही उघडून समोर धरत. बोट ओळीवरून फिरे, पान उलटलं जाई आणि आज्ञा तोंडातून येई. त्या दिवशी लॅपटॉपची वायर लावायला मी त्यांच्या मागून गेले आणि सहज वहीत डोकावले. पानावर लिहिलं होतं: गूळ, शेंगदाणे, आंघोळीचा साबण, नातवासाठी चप्पल. आणि त्या गुळाच्या ओळीवर बोट ठेवून सर मला अकराव्या भोकाचा फलाट सांगत होते, अगदी अचूक.

परत येताना रेल्वेचं फाटक लागलं आणि आमचा ऑटो थांबला. मालगाडी संपता संपत नव्हती. मी म्हटलं, "सर, त्या पानावर तर किराणा होता."

त्यांनी वही मांडीवरून उचलली आणि पिशवीत घातली. मग म्हणाले, "दीड वर्ष होऊन राहिलं. डॉक्टर म्हनते, गेलं ते येत नाही." आणि फाटक उघडताना, "कोनाले सांगू नको."

"मला आणलं ते त्यासाठी?"

"हो," सर म्हणाले. "तुह्याऐवजी दुसरी कोनी असती तरी आनली असती. पन मंग शिकवली नसती."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतके दिवस ज्याला मी परीक्षा समजत होते ती माझी गरज होती, हे कळून फार बरं वाटलं. त्या वयापर्यंत आईवडील सोडले तर माझी अशी गरज कोणाला पडली नव्हती.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मी आज सांगू शकते. आम्ही दोघं मिळून एक धडधाकट माणूस होतो. ते वहीतला किराणा धरून आज्ञा सांगत, मी टाइप करत वाचून दाखवी, आणि बघणाऱ्यांना वाटे की गुरू मोठे शिस्तीचे आहेत, पोरीकडून घोकून घेत आहेत. सही करायची वेळ आली की मी कागदावर बोट ठेवून "सर, इथं" म्हणे. चहा आला की कप त्यांच्या हाताशी सरकवी. कामाआधी आम्ही स्टेशनबाहेर तर्रीपोहे खात असू. डॉक्टरांनी सरांना ते मना केले होते आणि मी त्यांच्या बायकोला सांगणार नाही हा आमचा दुसरा करार होता. मला त्या तर्रीची आठवण अजून येते. त्या गाडीवर आता दुसराच कोणी आहे आणि त्याच्या हाताला चव नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलंही आहे.

एकदा नागझिऱ्याकडच्या त्या रिसॉर्टमध्ये आम्ही बसनं गेलो. तिथल्या पेटीत मुंग्यांनी घर केलं होतं. मी ओरडले, तर सरांनी विचारलं, "कोनत्या भोकात?" मी सांगितलं, सातव्यात. "मंग सात सोडून दे, आठमधून काम कर. त्याहीले कुठंतरी राहा लागते." परतीच्या बसमध्ये ते झोपले. जंगलाची सावली सरून शेतं लागेपर्यंत त्यांचं डोकं खिडकीच्या दांड्यावर आपटत राहिलं, म्हणून मी माझी ओढणी घडी करून मध्ये ठेवली.

आता मिलची गोष्ट. गोंदियाबाहेरची ती राइस मिल मोठी होती, आणि तिथे एकाच पेटीवर सगळं होतं: भरलेला ट्रॅक्टर तोलायच्या धर्मकाट्याचा कॉम्प्युटर, ऑफिस, आणि आवारातले कॅमेरे. कॅमेऱ्यांची बडबड एवढी की काट्यावरचं वजन ऑफिसात पोचता पोचता अडकायचं. श्रावणात आम्ही तिथे नवी पेटी बसवली आणि फलाट पाडले. काटा एका फलाटावर, ऑफिस दुसऱ्यावर, कॅमेरे तिसऱ्यावर, आणि पूल राउटरचा. दोन दिवस लागले. शेवटची ओळ टाइप झाली आणि वजन पहिल्यांदा झटकन ऑफिसच्या पडद्यावर उमटलं तेव्हा काट्यावरच्या माणसानं खिडकीतून अंगठा वर केला.

या पेटीची एक गंमत असते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुम्ही तिला जे सांगता ते ती ताबडतोब ऐकते, पण लक्षात ठेवत नाही. लक्षात ठेव म्हणून शेवटी वेगळी आज्ञा द्यावी लागते: राइट, म्हणजे लिहून ठेव. ती दिली की पेटी कंसात ओके असं छापते. दिली नाही तर वीज असेपर्यंत सगळं चालतं, आणि वीज गेली की पेटी सगळं विसरून पहिल्या दिवसासारखी कोरी होते. म्हणून प्रत्येक काम संपताना सर विचारत, "लिहिलं?" मी म्हणे, "लिहिलं." "ओके आलं?" "आलं." मगच वायर काढायची.

त्या दिवशी माझ्या गाडीला अर्धाच तास उरला होता. मिलपासून स्टेशन लांब होतं. मी एका हातानं पिशवी भरत होते.

"लिहिलं?"

"लिहिलं सर."

"ओके आलं?"

"आलं."

मी लिहिलं नव्हतं. लिहिते आहेच आता, असं मनात होतं, आणि मनातलं हातात यायच्या आधी मी वायर काढली. हे मी विसरले असंही म्हणता येणार नाही. मी पडद्याकडे न बघता, ज्या माणसाला पडदा दिसत नव्हता त्याला सांगितलं की ओके आलं. गाडी मिळाली. मी खिडकीशी बसून शेंगदाणे खाल्ले.

दीड-दोन महिने काहीही झालं नाही, कारण ती पेटी बॅटरीवर होती. बाहेरची वीज कितीदा गेली-आली, पण बॅटरीनं पेटीला कळू दिलं नाही. मग खंडेनवमी आली. मिलमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. सगळी यंत्रं बंद करून धुतात-पुसतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. त्या वर्षी मिलच्या मुनीमजींना वाटलं की नवी पेटी भिंतीवर एकटीच उपाशी राहायला नको. त्यांनी तिचा प्लग काढला, ओल्या फडक्यानं ती स्वच्छ पुसली, पाच बोटं कुंकवाची लावली, नारळ दाखवला आणि प्लग परत लावला. दसऱ्याला मिल बंद. मी त्याच दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर होते, आई-वडिलांसोबत, गर्दीत, पांढऱ्या साडीत, फार आनंदात.

परतले त्या सकाळी सरांचा फोन आला. हलक्या, म्हणजे लवकर निघणाऱ्या धानाची आवक सुरू झाली होती, मिलबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली होती, आणि काट्यावरचं वजन ऑफिसात पोचत नव्हतं.

मला ऐकताक्षणी कळलं: पेटी कोरी झाली होती आणि पुलाची वाट विसरली होती. ऑटोत बसल्यावर मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी..."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "दुसरं काही होऊच शकत नाही."

"मी मिलच्या शेठला सांगते."

"काय सांगशील? टाइप मी करत होती म्हनून सांगशील? मंग तो इचारन, मास्तर काय करत होते." ते बाहेर बघत राहिले. "चूप राहा. माझ्याकडून राहिलं म्हनतो मी."

गाठ अशी बसली होती. खरं बोलावं तर सरांचं गुपित उघडं पडणार, आणि ते सांभाळावं तर माझ्या चुकीची बोलणी सर खाणार. पण खोटं कशाला बोलू: बोलणी आपल्याला बसणार नाहीत याचं मला थोडं हायसंही वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

ऑफिसात शेठ उभेच होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कॅमेरे मात्र ठणठणीत चालू होते, कारण तो पडदा त्यांच्याच फलाटावरचा होता, मध्ये पूल लागत नव्हता; आणि त्यात ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेलेली स्वच्छ दिसत होती. एक शेतकरी पोत्यांवर चढून कॅमेऱ्याकडे बघून हातवारे करत होता. त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, पण काय म्हणत असेल ते कळत होतं.

"सेठजी, मुझसे रह गया," सर म्हणाले. "एक घंटे में कर देते हैं."

मी सवयीनं खुर्चीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. शेठ म्हणाले, "तुम उठो बेटी. ये सीखना-सिखाना बहुत हुआ. मास्टरजी खुद बैठेंगे, मेरे सामने."

मी उठले. सर बसले. त्यांची बोटं कळपटलावर फिरली, एफ आणि जे वरचे उंचवटे त्यांनी शोधले, आणि ते टाइप करू लागले. टेलिप्रिंटरवर घासलेला हात होता तो. न बघता चालायचा. मी शेजारी उभी राहून उमटणारी ओळ वाचू लागले, रोजच्यासारखी. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. पुलाकडे जाणारं चोवीस नंबरचं भोक आधी नीट झालं.

"तुम काहे पढ़ रही हो?" शेठ म्हणाले. "दिमाग खा रही हो मेरा. उनके सामने लिखा है, वो पढ़ लेंगे."

मी थांबले. सर थांबले नाहीत. त्यांनी काट्याच्या भोकांची ओळ टाइप केली, पण तो लॅपटॉप माझा होता आणि त्याची एक कळ बसकी होती. एक अक्षर उमटलं नाही. पेटीनं ओळ नाकारली आणि तसं छापलं. सरांना ते दिसलं नाही. पेटी शेवटी नाव घेतलेल्या भोकावर, म्हणजे अजून चोवीस नंबरवरच होती, आणि त्यांची पुढची ओळ आता काट्याला नव्हे, पुलालाच लागणार होती. झालं तेवढंही मोडणार होतं. त्यांचं बोट एंटरवर गेलं.

"सर, थांबा! वरची ओळ गेली नाही."

शेठ माझ्याकडे वळले. "फिर बीच में! स्क्रीन उनके सामने है ना?"

मुनीमजी दारात होते, काट्यावरचा माणूस त्यांच्या मागे. सरांनी बोट एंटरवरून उचललं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"सामने है, सेठजी," ते म्हणाले. "दिखती नहीं. दो साल होने आए."

मग माझ्या तोंडातून सगळं बाहेर पडलं, अर्धं हिंदीत, अर्धं माझ्या भाषेत. की टाइप मी करते. की श्रावणात मीच राइट दिलं नाही. की त्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा खोटं सांगितलं. की वजन त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे अडलंय. मी रडत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

शेठनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाह," ते म्हणाले. "एक को दिखता नहीं, और एक देखती नहीं. अब मैं डाँटूँ किसको?"

ते वाक्य मला जिथे लागायचं तिथे लागलं. आजही, काम संपवून उठताना, ते तिथेच लागतं.

पडद्यावरचा शेतकरी पोत्यावरून खाली उतरला होता आणि गेटकडे येत होता. शेठनी खुर्ची ओढली आणि ते बसले. "पढ़ो," ते मला म्हणाले. "रुकी काहे को हो? वो लिखेंगे, तुम पढ़ो. जल्दी."

सर टाइप करत गेले आणि मी वाचत गेले. रडून घसा बसला होता, तर सर म्हणाले, "मोठ्यानं वाच." काटा त्याच्या फलाटावर गेला, ऑफिस आपल्या, कॅमेरे आपल्या. राइट दिलं. कंसातलं ओके आलं तेव्हा मी ते वाचलं, आणि सर म्हणाले, "परत पाय." मी परत पाहून परत वाचलं. बाहेर पहिल्या ट्रॅक्टरचं वजन झालं आणि आकडा ऑफिसच्या पडद्यावर उमटला. शेठ उठून गेटकडे गेले. आम्हाला पुन्हा बोलावणार की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी पिशवी भरली. इतक्या महिन्यांत लोकांसमोर सर कधी माझ्या हाताला धरून चालले नव्हते. ठेचकाळत, पण एकटे चालायचे. त्या दिवशी ते ऑफिसच्या पायरीवर थांबले. आवारात हमाल, मुनीमजी, शेठ, ट्रॅक्टरवाले, सगळे होते आणि सगळ्यांना एव्हाना कळलं होतं. सरांनी हात पुढे करून माझा खांदा चाचपला आणि त्यावर हात ठेवला, चांगला भार देऊन.

"चाल," ते म्हणाले. "हळू चाल. अन् खड्डे सांगत जा."